लाल ठिपक्याचं ताट

दादा,

आधी बातमी ऐक! अरे, मलाही कावीळ होऊन गेलीय. तुझीच, 'बी' वाली!

लस द्यायच्या आधी आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचं रक्त तपासलं. माझी टेस्ट मीच लावली आणि खुर्चीतून उडालेच. विषाणू नाही, पण त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं हजर! त्यातलं एक तर लसीने येतच नाही, खरा विषाणू अंगात शिरला तरच तयार होतं. म्हणजे माझ्या पांढऱ्या पेशींनी त्याला गाठलं, लोळवलं, हाकलून दिलं आणि मला पत्ताच नाही! तुझ्या पेशी अजून झुंजताहेत, एवढाच काय तो आपल्यात फरक.

आणि मी शहाणी! एकत्र जेवून तो पसरत नाही हे शिकलेली असूनही, आई घाबरते म्हणून तुझ्या ताटाच्या काठाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तो दिसला तसा तू भरल्या ताटावरून उठलास, तो घर सोडूनच गेलास.

हे पत्र टाकत नाही, कारण त्याच्या आधी मीच पोचेन. ताट पिशवीत घातलंय. तू साध्या ताटात जेव.

ठिपक्याच्या ताटात मी जेवणार.

तुझीच,
चोमडी