कुडीची जोड

शेगाव
२७ डिसेंबर २०२४

ती. सौ. तानुअक्कांस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नुसतं घुं घुं ऐकू येतं आणि तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आपल्या श्रद्धाचं लग्न ७ फेब्रुवारीला नक्की झालं, इथे शेगावातच. जावई आल्हाद अकोल्याचे, वीज कंपनीत इंजिनिअर. साखरपुड्याला गुडघ्यांमुळे तुमचं येणं झालं नाही, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. मुलगा अबोल आहे, पण त्याची धाकटी बहीण पूनम त्याच्या वाटचंही बोलते.

आता कुड्यांचं. परवा श्रद्धाला बसवून पहिल्यापासून सांगितलं. मी या घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी आपल्या कानांतल्या माणकांच्या कुड्या काढल्या. एक तुमच्या ओंजळीत ठेवली, एक माझ्या. घरातल्या मुलीच्या लग्नात नवरीच्या कानांत दोन्ही दिसल्या पाहिजेत, असं त्यांनी बजावलं. म्हणजे नणंद-भावजय रुसल्या तरी एकीला दुसरीच्या दारात यावंच लागेल. त्यांचं स्वतःच्या नणंदेशी शेवटपर्यंत बोलणं नव्हतं, ते त्यांना फार लागलेलं होतं. काय डोकं त्या माउलीचं! तुमच्या छकुलीच्या लग्नाला मी माझी कुडी कुंकवाच्या करंड्यात घालून धामणगावला आणली होती. रस्ताभर करंडा मांडीवरून खाली ठेवला नाही.

पण अक्का, आता तुमच्या गुडघ्यांची फार काळजी वाटते. धामणगावहून मलकापूर, तिथून रेल्वे, वर स्टेशनचा तो जिना! म्हणून मी एक युक्ती केली. माझी कुडी खामगावच्या सराफांना दाखवून तशीच दुसरी करून घेतली. सात मोत्यांचं फूल, मधे माणिक. इतकी हुबेहूब उतरली की बघत राहावं. तेव्हा तुम्ही मुळीच दगदग करू नका, घरी बसूनच आशीर्वाद द्या. कशी वाटली युक्ती?

हिंमतराव भाऊजींना नमस्कार. आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
पद्मजा

धामणगाव बढे
३ जानेवारी २०२५

चि. सौ. पद्मजा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र पोचलं. वाचून आनंद झाला असं लिहाची पद्धत आहे, म्हनून लिहिलं.

मी भाकरी थापून राह्यली होती तवा पोस्टमन आला. युक्तीपर्यंत वाचलं अन् तव्यावरची भाकरी करपली. हे जेवताना विचारत होते का आज काऊन अशी काळी भाकर? काय सांगू यायले?

अव, माय गेल्यावर माहेर म्हनून मले काय राह्यलं? शेत ज्ञानेश्वरनं बटईनं देल्लं, घराले कुलूप. राह्यली ही एक कुडी. मले वाटे, ही जवर माह्यापाशी आहे तवर भावाच्या घरचं लग्न माह्याबगर लागत नाही. गुडघे दुखतात तर दुखू दे, गुडघे माहे आहेत. श्रद्धाच्या लग्नाले मी सरपटत आली असती. अन् तू जोड करून बसली! म्हनजे तानुअक्काले सुटीच देल्ली. आता माह्याजवळची कुडी कोनाच्या कामाची आहे, तूच सांग. पाहिजे असन तर पोस्टानं पाठवून देतो.

मी रागानं लिहून राह्यली असं समजू नको. रागानंच लिहून राह्यली.

श्रद्धाच्या गालावरून माह्या वाटचा हात फिरवजो. ज्ञानेश्वरले आशीर्वाद. लोभ ठेवाचा का नाही, हे तुह्या मर्जीवर.

तानुअक्का

शेगाव
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्या हातात दिलं. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, शाळेत इतकी वर्षं शिकवलं पण पोरांवर कधी आवाज चढवला नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले की तू माझ्या बहिणीला लग्नाला येऊ नकोस असं कळवलंस. देवाशप्पथ सांगते अक्का, मला फक्त तुमचे गुडघे दिसत होते, दुसरं काही नाही. कधी कधी माझ्या डोक्यात अक्कल जरा जास्तच होते.

श्रद्धा तर तुमच्या बाजूची निघाली. नवी कुडी कानात घालून आरशात पाहिली आणि काढून ठेवली. म्हणाली, छान आहे, पण ही आजीच्या कानात कधी नव्हती.

म्हणून आता ऐका. हे पत्र घेऊन हे स्वतः येत आहेत. सोबत संक्रांतीचा तिळगूळ आहे आणि तो कुंकवाचा करंडा. करंड्यात माझी कुडी आहे, सासूबाईंनी माझ्या ओंजळीत ठेवलेली तीच. जोड आता तुमच्याकडे, माझ्याकडे काही नाही. तुम्ही दोन्ही घेऊन आलात तर श्रद्धाच्या कानांत कुड्या, नाही आलात तर मोकळ्या कानांनी बोहल्यावर उभी राहीन असं ती म्हणते. लोकांनी विचारलं तर मी खुशाल तुमचं नाव सांगणार आहे!

तिळगूळ घ्या आणि माझ्याशी गोड बोला. बोलता येत नसेल तर रागवायला या, पण या.

तुमचीच,
पद्मजा

धामणगाव बढे
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. पद्मजा हीस,
पोटातून आशीर्वाद.

ज्ञानेश्वर आला, पोटभर जेवला, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. तू त्याले तिखट देत नाही वाटते.

तो गेल्यावर ओट्यावर बसून करंडा उघडला. दोन्ही कुड्या तळहातावर घेतल्या अन् उन्हात धरल्या. मानिक असं लाल दिसे, जसा डाळिंबाचा दाना. माय चुलीपाशी फुंकर माराले वाकली का हे मानिक तिच्या कानात चमके, अन् मी लहानपनी चूल सोडून तेच पाहत बसो. लय रडली. यायनं विचारलं का गुडघा दुखून राह्यला काय. हाव म्हनलं.

पोरी, तुह्यं कौतुक कसं करू? भावजय आपल्या वाट्याची कुडी उचलून ननंदेच्या हवाली करते, हे म्या कुठं पाह्यलं नाही. मले जमलं नसतं. मायनं तुले बरोबर ओळखलं होतं.

मी येऊन राह्यली. यायनं गाडी सांगितली आहे, जिन्याचं नावच नाही. तुह्या त्या नव्या कुडीले कपाटातून काढून ठेवजो. आमच्या तुळशीराम सोनाराले एक काम सांगितलं आहे, काय ते तिथं आल्यावर पाहजो.

आहे तसाच लोभ असू दे, मांगचं पत्र चुलीत टाक.

तानुअक्का

शेगाव
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कांस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

पाहुणे गेले, मांडव उतरला, घर खायला उठतंय. डोळ्यांसमोरून श्रद्धाचे कान जात नाहीत. अक्षता पडताना ती मान वळवत होती आणि दोन्हीकडे माणिक हसत होतं. हे तर तिच्याकडे पाहून आई आई म्हणत रडले.

आणि तुम्ही! पाठवणीच्या वेळी कमरेचा बटवा सोडलात आणि त्यातून चौथी कुडी निघाली. माझ्या नव्या कुडीला तुम्ही जोड करून आणली होती, आणि तिच्यातलं माणिक तुमच्या अंगठीतलं. हिंमतराव भाऊजींनी हौसेनं केलेली ती अंगठी, जी तुम्ही भांडी घासतानाही काढायच्या नाहीत! मी ओरडले तर म्हणालात की बोट सुजतं, अंगठी तशीही चढत नव्हती. मला काही ते खरं वाटलं नाही. मग त्या नव्या जोडीतली एक कुडी तुम्ही पूनमच्या ओंजळीत ठेवलीत, एक श्रद्धाच्या, आणि सासूबाई बोलल्या होत्या तेच बोललात. त्या बडबड्या पूनमनं कुडी आधी कपाळाला लावली. काल श्रद्धाचा फोन आला होता, पूनमनं आपली कुडी देवघरात ठेवली आहे म्हणे. अक्का, तुमच्यापुढे मी काय बोलू? हात जोडते.

पण एक सांगायचं आहे. काल आवरताना करंडा उघडला, तर आत दोन्ही जुन्या कुड्या. तुमची कुडी तुम्ही इथे विसरून गेलात. विसरलातच ना? माझ्या मनात नको नको ते येतंय. आता घरात कुणाचं लग्न उरलं नाही, म्हणून कायमची माझ्याकडे सोपवून गेलात की काय? तसं असेल तर मला ती नको. मला जोड नको, माझी एकच बरी. ताबडतोब कळवा, रात्री झोप लागत नाही.

तुमच्या मायेची आस असलेली,
पद्मजा

धामणगाव बढे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पद्मजा हीस,
अनेक आशीर्वाद.

माह्या कानानं ऐकू येत नाही, गुडघे गेले, पन डोकं जागेवर आहे. मी काही विसरली नाही. ठेवून आली.

छकुली गेली सासरी, आता श्रद्धा गेली. आपल्या घरी आता कोनाचं लग्न, का तू धामणगावले येशीन? छकुलीच्या लग्नानंतर तुह्यं पाऊल या ओट्याले लागलं नाही. तुले घर आहे, पोरगी होती, मी कधी बोलली नाही. पन वाट पाहत होती. मायनं लग्नाची अट घातली होती, तिले काय माहीत का लग्नं सरतात अन् ननंद-भावजय उरतात!

तर माही कुडी माह्या हातात आनून दे. पोस्टानं नाही, ज्ञानेश्वरच्या हातानं नाही, तूच ये. दोन दिवस राहाच्या तयारीनं येजो. अन् येताना तुही बी कुडी करंड्यात घालून आनजो, काऊन का जाताना तू ती इथंच विसरशीन.

वाट पाहनारी,
तानुअक्का