शेंदूर लावलेला हुप्प्या

गुरु., ९ फेब्रु.
जिते गावातल्या एका बाईंना सांगून आलो, माळ्यावरच्या उदमांजराची पिल्लं अजून हिंडत नाहीत, आताच आईला धरलं तर मरतील. बाई फणकारल्या, "मग तुमी करता काय?" जनावरं धरतो आणि माणसांची बोलणी खातो, दुसरं काय.
दुपारी रोह्याकडच्या गावातून सरपंचांचा फोन. एकटा हुप्प्या आलाय, थोराड नर वानर, कळपाने हाकललेला असणार. कौलं फोडतो, वालाच्या शेंगा ओरबाडतो, आता घरात शिरायला लागलाय. जनाकाकू म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्या हातातली भाकरी ओढताना मनगटाला चावला. टाके पडलेत. वनखात्याची परवानगी हातात आहे. उद्या जातो.

शुक्र., १०
पिंजरा लावला. आमिष केळी नाही, वालाच्या शेंगाच. केळी त्याला रोजची. दर शनिवारी मारुतीच्या पारावर फण्याच्या फण्या ठेवतात आणि रविवारपासून बोंबलतात, वानर घरात येतो. सरपंचांना म्हटलं, आधी केळी बंद करा. म्हणाले, "देवाला नाय म्हनायचं?" मग देवाला धरायला मला कशाला बोलावलंत, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.
जनाकाकूंचा हात बांधलेला. मलाच चहा दिला. "भाऊ, त्याला न्या एकदाचा. पन मारू नका हां. देव हाय तो."
चारच्या सुमारास सापडला. देखणं जनावर. दात दाखवून थोडा वेळ थयथयला, मग कोपऱ्यात गप्प बसून बोटं चाटत राहिला. पंचनामा झाल्याशिवाय सोडता येत नाही आणि वनखात्याचा गार्ड उद्या दुपारी येणार. पिंजरा देवळाच्या मंडपात सावलीला ठेवला, ओलं गोणपाट टाकलं. सगळ्यांना बजावलं, पाणी द्या, बाकी कोणी जवळ जायचं नाही. सगळ्यांनी व्हय व्हय केलं.

शनि., ११
रागातच लिहितोय.
गेलो तर मंडपात रांग. गोणपाट काढलेलं. हुप्प्या डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल. तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ, पिंजऱ्यावर नारळाचं पाणी. पोरंटोरं मोबाईलवर फोटो काढतायत. आणि तो बिचारा अंग चाटतोय. वानराच्या अंगाला काही लागलं की तो चाटूनच काढणार, त्याला दुसरं काय येतं?
ओरडलो. सरपंच म्हणाले, "अवो, शनवार हाय. देव पायाशी आला, कोरडा ठेवायचा?" शेंदराची पहिली वाटी जनाकाकूंची, हे काकूंनीच सांगितलं. "माझ्यापायी पिंजऱ्यात बसला, भाऊ. माफी नको मागायला?" रडत होत्या.
फडक्याने जमेल तेवढं पुसलं. गार्ड म्हणाला, असा लाल सोडला तर दुसरे वानर फाडतील, राहू दे उद्यापर्यंत. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. शेंदरात शिसं असतं म्हणाले, चाटू देऊ नका. आता कसं अडवू? आज तिथेच थांबलो. घरी बायकोला, सुलभाला, कळवलं.

रवि., १२
पहाटेपासून ओकत होता. उजाडल्यावर गेला. शेवटी गजातून हात बाहेर काढला होता, मी धरला. इतकी वर्षं हे काम करतोय, असा हात कधी धरला नव्हता. फार वाईट वाटलं. वाटतंय.
डॉक्टर रोह्याहून निघाले, तेवढ्यात गावकऱ्यांनी त्याला ऊन पाण्याने अंघोळ घातली. साबण लावून. नवं धोतर, गुलाल, भजन. डॉक्टर पोचले तेव्हा पोरगं बोहल्यावर चढवावं तसा सजवून ठेवलेला. चिरून बघावं लागेल म्हणाले, तर गाव आडवं आलं. "देवाला चिरायचं नाय." गार्ड खाली बघत उभा. पाराजवळच पुरला.
मग सुरू झालं. पिंजऱ्यात कोंडून उपाशी मारला. माकडवाल्याने मारला. शेंदूर? त्यानं कुठं कोन मरतं? कालचे फोटो दाखवा म्हटलं, तर एकाच्याही मोबाईलमध्ये नाही. मी काढला नाही. रागात सुचलं नाही, आणि सुचतं कधी?

बुध., १५
सरपंचांचा निरोप. गाव हुप्प्याचं तेरावं घालतंय. त्या दिवशी मी यायचं, समाधीपुढे नारळ ठेवायचा, माझ्या हातून मेला असं चारचौघांत म्हणून नाक घासायचं. मग गाव तक्रार करणार नाही. नाही आलो तर वनखात्यात अर्ज जाणार. अर्ज गेला की परवानगी गेली आणि परवानगीशिवाय मी पिंजरा उचलला तर तो गुन्हा. या वयात दुसरं काय शिकू?
सुलभा म्हणाली, "नाक घास आणि मोकळा हो. नाकाला काय होतंय." म्हटलं, एकदा बोललो की पेण-रोह्यात माझं नाव तेच राहील, हुप्प्या मारणारा. ती म्हणाली, "मग खरं सांग." खरं सांगायचं म्हणजे जनाकाकूंचं नाव घ्यायचं. त्यांना त्याच गावात राहायचंय.

शनि., १८
पिंजरा आमच्या अंगणात तसाच. धुतला नाही. गजांवर, सांध्यांत, खालच्या पत्र्यावर शेंदूर आहे. अंघोळ घालायला त्यांना फक्त हा पिंजरा सापडला नाही, म्हणून एवढा पुरावा उरला. आमच्या रामवाडीतले शेजारी येता जाता बघतात. एकाने चक्क हात जोडले. हसू आलं, मग चीड आली.

बुध., २२
हे मात्र ऐकण्यासारखं. सरपंचांचा फोन, आवाज एकदम मऊ. दुसरा हुप्प्या आलाय. त्यांच्याच घराची कौलं काढली. "परवा तेराव्याला येताच हाव, तर पिंजरा पन घेऊन या ना."
शनिवारी केळी ठेवली होती का विचारलं. "ती तर ठेवायचीच."
फोन ठेवून पायरीवर बसून राहिलो. सुलभाने विचारलं, काय झालं. सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

गुरु., २३
उद्या तेरावं.
संध्याकाळी जनाकाकूंचा फोन. सुनेच्या मोबाईलवरून, हळू आवाजात. वाटलं, ये म्हणून सांगायला केला असेल. टाके निघाले म्हणाल्या. मनगट वळतं आता. उद्याच्या जेवणाला वालाचं बिरडं त्याच करणार, हाताला जमेल का बघते म्हणाल्या.
"भाऊ, एक विचारू? शेंदरानं गेला का वो तो? खरं सांगा. मला झोप लागत नाय."
मी म्हटलं, "काकू, उद्या येतोय ना. उद्या बोलू."
"बरं," म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही, मीच ठेवला.
टेम्पो सकाळी सातला सांगितलाय. पिंजरा न्यायचाच आहे. सुलभाने धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश काढून पिंजऱ्याशेजारी ठेवलाय. एकदा जाऊन हात लावून बघितला. शेंदूर वाळून गजांना घट्ट बसलाय, पण घासला तर निघेल.