वेनिंगबरोबर ये

लाडक्या तुकिनाला थोरल्या बहिणीचा सलाम आणि भरभरून आशीर्वाद.

पोरांच्या गाडीतून सगळ्यात आधी उतरली ती वेनिंग, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी! सुट्टीत गावाची सेवा करायला कॉलेजची पोरं आली होती, माझ्याच घरी राहिली. मागल्या वर्षीच्यांनी वेशीची कमान निळी रंगवली होती, यंदाच्यांनी हिरवी केली. सून म्हणते, "पुढचे आले की पिवळी करतील." पण पोरं गुणी हो, रोज संध्याकाळी लहानग्यांना शिकवायची.

तर वेनिंग निघाली जावातल्या आपल्या गुनुंगकिडुलची, आपल्या माहेरची! मग मी तिवुल करायला घेतलं. इथे सुमात्रात राहायला आल्यावर माझी मुलं त्याला दुष्काळातलं खाणं म्हणून नाक मुरडायची, तेव्हापासून सोडलंच होतं. कसाव्याच्या पिठात पाणी ओतलं, सगळा चिकट गोळा झाला. वेनिंग हसत सुटली, "अगं आजी, ओततेस काय? शिंपडायचं असतं!" आईने शिकवलेलं हात विसरले गं. दुसऱ्यांदा जमलं. खोबरं घालून चुलीपाशीच खाल्लं, आणि मला आई दिसली, तू दिसलीस.

तुझा गुडघा कसा आहे? माझं छान चाललंय. फक्त हल्ली कमी दिसतं, म्हणून अक्षर एवढं मोठं. तुझा चेहरा नीट दिसतोय तोवर येऊन जा. बोटीला अजून घाबरतेस ना? हे पत्र वेनिंगच आणून देईल. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला हाताला धरून आणते बघ." तिला नाही म्हणू नकोस.

वाट बघणारी,
तुझी न्गातिनेमताई

सणाला घरी जाऊन पोरं उरलेल्या कामासाठी इकडे परत येणार आहेत ईदनंतरच्या पहिल्या रविवारी.