रश्मी मॅडम ‘मी’ म्हणतात तेव्हा

प्रिय जान्हवीताई,

चेंबूरला सगळे बरे ना? बाबा नि तू दीड वर्ष बोलला नाहीत, त्याबद्दलच लिहायला बसलोय, पण आधी हे ऐक. माझी नोकरी अजून टिकलीय, हसू नकोस. अंधेरीतल्या एका हॉस्पिटलसाठी अरबी पेशंटना विमानतळावरून आणायचं. ओमानमधल्या सलालाच्या हॉटेलात भांडी घासताना उचललेली अरबी इथे झकास चालते. तिथे उंट रस्त्यात बसायचे, गाड्या थांबवून... जाऊ दे.

इथे रश्मी मॅडम दुभाषी आहेत. त्या पेशंटच्या खांद्यामागे बसतात, म्हणजे तो डॉक्टरांकडेच बघून बोलतो. आणि ‘ते म्हणतात’ असं कधीच म्हणत नाहीत. तो ‘माझा पाय दुखतो’ म्हणाला, की मॅडमही म्हणणार, ‘माझा पाय दुखतो.’ पहिल्यांदा मला हसूच आलं होतं.

मंगळवारी त्यांना उशीर झाला. ओमानचे सालिमचाचा, मासेमारी करणारे, मधुमेहाने पाय चिघळलेला. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आजच काढावी लागतील, नाहीतर पाय जाईल. चाचा माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते की मी सांगून टाकलं, किरकोळ काम आहे, सगळं ठीक होईल. चाचा खूश, सहीला पेन मागायला लागले. तेवढ्यात मॅडम आल्या. मी काय सांगितलं ते विचारलं आणि सरळ चाचांना म्हणाल्या, मघाचं चुकीचं होतं, पहिल्यापासून सांगते.

चाचा असे भडकले! मॅडम शांतपणे डॉक्टरांना म्हणाल्या, “मी तुम्हाला खोटारडा समजतो. तुम्ही मला फसवून कापणार होतात.” बाईच्या तोंडी ‘समजतो’, आणि एक शिवी गाळली नाही गं. मग त्याच आवाजात, “मी परत होडीवर चढेन का?” डॉक्टर म्हणाले, चढाल, वेळ लागेल. चाचांनी पुन्हा पेन मागितलं. मग सही केली, सगळं माहीत असताना.

बाहेर मॅडमनी मला झापलं. “तू दयाळू नाहीस रे, भित्रा आहेस.”

ताई, तुझ्या लग्नापासून तुमचे निरोप मीच नेतो. ते सगळे मी वाटेत गोड केले. ‘बाबा सगळं विसरले’ हे खोटं. ‘ताई माफी मागते’ हेही मीच त्यांना सांगितलं. म्हणून ते तुझी वाट बघत राहिले नि तू त्यांची. काल दहिसरला बाबांकडे जाऊन खरं सांगितलं. थोबाडीत बसली. मग बाबा बोलले ते हे, एक अक्षर माझं नाही: “मी लग्नाला आलो नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. तिने माफी मागितली नाही ते बरं केलं, माझीच पोर आहे. रविवारी मी घरी आहे.”

तुझाच,
कृणाल