आईचा तिसरा भाव

प्रिय आदिनाथ,

भुशी धरणावर आज ढग असे उतरलेत की समोरच्या टपरीतला माणूस दिसत नाही, नुसता त्याच्या शेगडीचा लाल ठिपका दिसतो. गिऱ्हाईक नाही. आई कणसं सोलतेय आणि मी तुझं सूक्ष्म अर्थशास्त्र मांडीवर घेऊन बसलेय. रविवारी सोमाटण्याहून मला बघायला पाहुणे येणार आहेत. मुलगा कंपनीत आहे, फोटोत बरा दिसतो, नाव ठेवायला कुठे जागाच नाही. त्याचाच तर राग येतो बघ. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू लगेच गणितात शिरतोस, आणि पुण्याला गेल्यापासून तर जास्तच शहाणा झालायस. माझी मैत्रीण प्रतीक्षा उद्या तिकडे येतेय, तिच्या हाती हे देतेय.

मघापासून समवृत्ती वक्राचा तोच प्रश्न चाललाय. चहा आणि भजी. थोडा चहा सोडला तर किती भजी मिळाल्यावर ग्राहक तेवढाच समाधानी राहील? मागच्या पावसाळ्यात तू याच बाकावर बसून शिकवायचास. तुझ्या पेन्सिलीची रेघ खाली उतरत यायची आणि मला वाटायचं, ही आमच्या डोंगराचीच उतरण आहे, हिच्यावरून आपण दोघं चालत निघालोय, कुठेही थांबलं तरी सुख सारखंच. मग तू विचारायचास, कळलं का? मी व्हय म्हणायचे. कळलेलं काही नसायचं.

मूल्यभेद मात्र पक्का कळला. एकच कणीस; गाडीतून आलेल्यांना एक भाव, गावातल्यांना दुसरा. बाजार दोन, विक्रेती एक, असं लिहून तू आईला मक्तेदार करून टाकलंस. ती दिवसभर खूश होती. पुढे ती तुझ्याकडून पैसेच घेईना, तर तू त्याचंही उत्तर काढलंस: विद्यार्थ्यांची मागणी लवचिक, म्हणून सवलत. खाली दोन रेघाही मारल्यास. अरे शहाण्या, सगळं कॉलेज येतं आमच्या टपरीवर, आणि सगळे पैसे देतात. आमच्याकडे फक्त जावयाकडून पैसे घेत नाहीत! आईनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं आणि तू तिथं लवचिकता मोजत होतास. मला तेव्हाच कळलं. लाजून मी कणसाला दुसऱ्यांदा मीठ चोळलं, आणि तू ते खारट कणीस मुकाट्यानं खाल्लंस.

पुस्तकातलं पहिलंच गृहीतक असं की दोन गोष्टी समोर ठेवल्या तर ग्राहकाला आपली पसंती सांगता येते. मला ते खोटं वाटायचं. आमच्याकडच्या मुली 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात. पण आज सकाळी शेगडी पेटवताना मी आईला सांगून टाकलं, मला सोमाटणं नको, मला आदिनाथ हवा. ती रागावली नाही. पुठ्ठ्यानं वारा घालायची थांबली आणि म्हणाली, "त्यानं तुला इचारलंय का कदी?"

तू मला सगळं विचारलंस, तेवढं सोडून. पाहुण्यांना नको म्हणायला आई तयार आहे, पण बाबांना सांगायला तिच्याकडे काहीतरी हवं ना. तुझ्या विचारण्याची वाट बघत बसले तर रविवार उजाडेल. म्हणून मीच विचारते. आदिनाथ, माझ्याशी लग्न करशील? शनिवारी ये. नाही म्हणायचं असलं तरी ये, आणि माझ्या तोंडावर म्हण.

तुझीच, निदान शनिवारपर्यंत तरी,
तेजल