पोकळ हाताची टाळी

हॉलिवूड, १४ फेब्रुवारी १९३०

तीर्थरूप ओत्ताविओमामा,

तुमच्या दोन्ही हातांना आदराने ओठ टेकवून भाचा रुजेरो कळवतो की मी खुशाल आहे. थंडीत तळव्यांना अजून भेगा पडतात का? चरबी चोळत जा. त्या हातांवर पार्माच्या ऑपेराची अब्रू आहे. (भाड्याच्या टाळ्यांचा म्होरक्या म्हणून लोक तुम्हाला नावे ठेवतात, पण तुम्ही एक दिवस हात आखडा, त्यांच्या लाडक्या गायिका पडद्यामागे रडत बसतील.)

तर मामा, मी बोलपटात गायलो. म्हणजे गाणारच होतो. टाळ्या पिटण्यात जन्म घालवणार नाही, टाळ्या घेईन, असे तुम्हाला उर्मटपणे सुनावून मी घर सोडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक ओळ एकट्याने गाऊन दाखव गाढवा, फुकट टाळी वाजवीन." ती ओळ मला अखेर मिळाली. बोलपट ऑपेरावाल्यांचाच आहे. देल्फिनाबाई ब्रांकाती (आपल्या शेजारच्या मोदेनाच्या, त्यामुळे नाक वर) सात मिनिटे विरहाचे गाणे गातात, मग मी नोकराच्या वेषात येऊन 'बाईसाहेब, बग्गी आली' एवढे गायचे. आवाज टिपणारे यंत्र फुलदाणीत लपवले होते. तालमीत मी तोंड उघडले आणि यंत्राची काचेची नळी फुटली. (बढाई मारत नाही, पण फुटली.) मला दाराशी नेले, दुसरी फुटली. शेवटी पार मागच्या भिंतीशी, जुन्या पडद्यांच्या ढिगात उभे केले, तेव्हा कुठे बग्गी सुखरूप पोचली.

प्रत्यक्ष चित्रणाला समोर ऐंशी माणसे प्रेक्षक म्हणून बसवली होती. त्यांनी टाळ्या नुसत्या दाखवायच्या, वाजवायच्या नाहीत, असा हुकूम होता. बाईंनी शेवटचा सूर असा काही लावला की माझ्या हातांना राहवेना. तुमच्याकडे बारा वर्षे उमेदवारी केलेले हात ते. मी कडाडून टाळी दिली आणि "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडलो. बाई जातिवंत गायिका. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि गाणे पहिल्यापासून धरले. वादक सगळे नेपल्सचे, तेही मागे हटले नाहीत. दिग्दर्शक आवाज बाहेर न येणाऱ्या काचेच्या खोलीतून हातवारे करत होता, आम्हाला वाटले त्यालाही आवडले. रीळ दहा मिनिटांचे. बग्गी यायच्या आत ते संपले, आणि बाईंचा गळा बसला तो आठवडाभर. दिग्दर्शक म्हणाला, "गाणं झालं, टाळी पडली, आता बग्गी हवीय कोणाला?" माझी ओळ गेली. मी त्या पडद्यांच्या ढिगात बसून रडलो, मामा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
रुजेरो

ता. क. बोलपट पार्माला आला की मला पडद्यावर शोधू नका. गाणे संपल्यावर एक टाळी आणि एक आरोळी ऐकू येईल, तो मी.

ता. क. २. कंपनीने मला कायम केले आहे. गायक म्हणून नव्हे. तो टाळीवाला समोर नसेल तर गाणार नाही, असे देल्फिनाबाईंनी सांगून टाकले. तेव्हा तुमची ती पोकळ हाताची टाळी, जी तुम्ही फक्त गादीच्या वारसाला शिकवणार होतात, ती कशी वाजवतात ते उलट टपाली कळवा. आईला काही बोलू नका, तिला मी गायल्याचे कळवून बसलो आहे.

ता. क. ३. फुकट टाळी मागायचे तोंड मला राहिलेले नाही. पण ती आरोळी ऐकून अंधारात तुमचा हात उठलाच, तर तेवढे लिहा.