तिसऱ्या मानेची आठवी तार

लॉस एंजेलिस, १९५१

लाडक्या आई, आपल्या रीतीप्रमाणे तुझ्या नाकाला नाक टेकवतो.

मी मजेत आहे. इथे आपली अळूच्या कंदांची पोई मिळत नाही, पण पोट भरतं. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या नव्या स्टील गिटारला तीन माना आहेत, प्रत्येकीवर आठ तारा. तिसरीच्या तारा बाबांसारख्या सुरांत लावतोय. कुणी चोरून शिकू नये म्हणून वाजवून झालं की ते तारा सैल करायचे. माझ्यापासूनसुद्धा लपवायचे! सात तारा जुळल्या, आठवीचा सूर सापडत नाही.

त्यांना विचारू नकोस, सांगणार नाहीत. त्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून ते बोललेच नाहीत, असं तू लिहिलंयस. मासे साफ करताना त्यांचं गाणं मुद्दाम चुकीचं म्हण. "कान फुटले का गं तुझे?" असं ओरडून ते बरोबर म्हणून दाखवतील.

सूर नाही कळला तरी चालेल. ते ओरडले, एवढं मात्र लगेच कळव.

तुझाच,
पिलिपो